गाणे, चाळणी आणि जाहिरात

श्रीरामपूरच्या पेढ्यांवरील ज्येष्ठ मंडळींना बुधवारची रात्र आठवते ती ‘बिनाका गीतमाले’मुळे. हा कार्यक्रम सिलोनहून येई आणि त्यामागे एक चाळणी होती. १९५२मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना चित्रपटगीते हलकी वाटत. आकाशवाणीवर ती कमी झाली. चित्रपटाचे नाव घेणे ही जाहिरात ठरते, म्हणून तेही वगळले गेले. निर्मात्यांनी गाण्यांची परवानगीच काढून घेतली. श्रोते वळले रेडिओ सिलोनकडे, जिथे टूथपेस्टची जाहिरातच गाण्यांचा खर्च भागवीत होती! १९५७मध्ये विविध भारती आली; १९६७पासून तिनेही जाहिराती स्वीकारल्या.

आज वाचनालयाच्या संगणकावर तीच गाणी शोधणाऱ्या आजोबांना कधी चाळणी अडवते, कधी जाहिरात. चाळणी ठरावीक शब्द पाहून संपूर्ण संकेतस्थळ बंद करते. जाहिरातदार तर कोणी काय ऐकले याचीही नोंद ठेवतो. टूथपेस्टवाल्याला ते कधी साधले नव्हते. व्यापारी घरात ‘फुकट’ या शब्दावर सहसा कोणी विश्वास ठेवत नाही, तो येथेही ठेवू नये.

मुलांसाठी चाळणी असावीच. मात्र वर्गणीदार सभासदांनी पुढील बैठकीत एवढे विचारावे: ती कोणी बसवली, आणि अडलेले दार उघडण्याचा अधिकार ग्रंथपालांना आहे काय?