पुन्हा वर जाण्याचा अधिकार

१४ सप्टेंबर २०२३ रोजी सायंकाळी विशाखापट्टणमहून आलेले एक लहान खासगी जेट विमान मुंबईत मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीबाहेर घसरले व त्याचे दोन तुकडे झाले. दृश्यमानता अवघी ७०० मीटर होती. आतील आठही जण वाचले हे सुदैवच. परंतु प्राणहानी झाली नाही की आपल्याकडे चर्चाही लवकर आटोपते.

विमान उतरविणे ही अखेरच्या काही क्षणांची कसोटी असते. जमीन काही फुटांवर आली की वैमानिक विमानाचे नाक किंचित उचलतो आणि मागची चाके हलकेच टेकतात. नाक फार लवकर उचलले तर विमान तरंगत वेग गमावते व आदळते. उशीर झाला तर आपटून उसळते. उसळलेले विमान बळेच खाली दाबू गेल्यास पुढचे नाजूक चाक आधी टेकून मोडण्याचा धोका असतो. यावरचा उपाय प्रत्येक शिकाऊ वैमानिकास पढविलेला असतो: इंजिनास पूर्ण शक्ती द्यावी, पुन्हा वर जावे. ढगाळ हवेत १००० फुटांवर व स्वच्छ हवेत ५०० फुटांवर विमान स्थिर नसेल तर उतरूच नये, हा दंडक जगभर मान्य आहे.

मग तो मोडला का जातो? मोठ्या कंपनीच्या वैमानिकामागे कंपनीची नियमावली उभी असते. लहान विमानात मागे चार हातांवर मालक वा भाडेकरू बसलेला असतो. त्याला सभेची, सौद्याची घाई असते, आणि वैमानिकाची नोकरी त्याच्या मर्जीवर असते. मुंबईच्या त्या विमानात असे दडपण होते, असा आरोप येथे करावयाचा नाही. पण निवडणुकीच्या दिवसांत एका दिवसात चार-चार सभा गाठणाऱ्या पुढाऱ्यांनी तरी आपल्या मनास विचारून पाहावे.

दुसरी गोष्ट याहून चोरटी आहे. विमान जोराने आदळले, तरी बाहेरून काही दिसत नाही. चाकांच्या दांड्यात वा पंखांच्या जोडात पडलेली चीर आत राहते. वैमानिकाने वाच्यता केली नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच विमानात दुसरा कोणी, कदाचित एखादा विद्यार्थी, निःशंकपणे बसतो. म्हणून वर परतणाऱ्या वा आदळल्याची नोंद करणाऱ्या वैमानिकास त्याबद्दल कामावरून काढता येणार नाही, अशी अट लहान विमानांच्या मालकांच्या परवान्यातच घालावी आणि तिच्या पालनाची तपासणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने करावी.