धान्य मिळाले, भाजीचे काय?

रेशनच्या दुकानातून धान्य मिळाले म्हणजे गरिबाच्या अन्नाचा प्रश्न सुटला, अशी एक सोयीस्कर समजूत रूढ होऊ पाहत आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य गटातील कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु धान्याने पोट भरले तरी अंगात रक्त भरतेच असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रत्येकाच्या आहारात रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या असावयास हव्यात. पाच माणसांच्या घरात हा हिशेब महिन्याला ६० किलोंचा होतो. वैशाखात नागपूरच्या बाजारात भाव चढले की मजूर बाईच्या पिशवीतून पहिली गळते ती पालेभाजी.

या नगरीत मोकळ्या जमिनीची मात्र वाण नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली येथे आले, तेव्हापासून ख्रिस्ती मंडळींनी शाळा व रुग्णालये उभारली. जुन्या चर्चची आवारे आजही प्रशस्त आहेत. त्यांचा एक कोपरा गरजू कुटुंबांसाठी भाजीच्या वाफ्यांना दिला तर ते धर्माज्ञेला धरूनच होईल. शेताची कड कापू नये, ती गरिबासाठी व परक्यासाठी राखावी, असा दंडक जुन्या करारातच आहे.

याचा धडा महाराष्ट्राने पूर्वीच पाहिला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात हिंडल्या आणि उपासमारीने खंगलेल्या स्त्रियांना व मुलींना त्यांनी आश्रय दिला. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथे शेती होती, गोठा होता, तेलघाणा व विणकामही होते. खाणारे हातच पिकविणारे झाले. रमाबाईंनी आश्रितांना केवळ ताटावर बसविले नाही, त्यांना कामाचा मान दिला, हे विसरता कामा नये.

येथे एक शंका उभी राहील आणि ती टाळणे योग्य नाही. मिशनऱ्यांच्या सेवेआड धर्मांतराचे आमिष असते काय, या प्रश्नाची चौकशी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने केली होती. १९५६ च्या तिच्या अहवालावर ख्रिस्ती समाजाने तीव्र आक्षेप घेतले. तो वाद अद्याप पुरता शमलेला नाही. त्यावर उत्तर एकच : मेथीच्या जुडीबरोबर कोणी जात विचारू नये, धर्म विचारू नये, प्रार्थनेचे निमंत्रणही देऊ नये. वाटपाची यादी वस्तीतील बायांनीच करावी आणि ती सर्वांसमोर वाचून दाखवावी.

मळा म्हणजे उद्घाटनाची फीत नव्हे. विहिरीतील गाळ काढावा लागेल, उन्हाळ्यात वाफ्यांवर सावली धरावी लागेल आणि पाण्याची पाळी ठरवावी लागेल. पालक, मेथी, सांबार महिन्या-दीड महिन्यात हाती येतात. शेवगा एकदा लावला की वर्षानुवर्षे पाला व शेंगा देतो. एका आवाराने साऱ्या वस्तीची गरज भागणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच देवळांच्या विश्वस्तांनी, शाळांनी व सरकारी बंगल्यांनीही आपापल्या रिकाम्या जमिनीकडे पाहावे. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या सावता माळ्याच्या महाराष्ट्राला हे कोणी शिकवावयास नको. जमीन देवाच्या नावावर असेल तर तिच्यावर पहिला हक्क भुकेल्याचा, एवढे मान्य झाले तरी पुरे.