हरलेल्या संघाची आठवण

वाचकहो, बास्केटबॉल म्हणजे शहरातल्या पोरांचा खेळ, असे तुम्ही म्हणाल. पण अमेरिकेतले इंडियाना राज्य म्हणजे मक्याचा मुलूख, आणि तिथे धान्याच्या कोठारालाच लोखंडी कडी ठोकून पोरे खेळत आली. नाहीतरी १८९१ साली हा खेळ निघाला तोच पीच फळांच्या टोपल्या टांगून!

तिथल्या फ्रेंच लिक या लहानशा गावचा लॅरी बर्ड. मोठ्या विद्यापीठात महिनाभरही रमला नाही. परत येऊन गावच्या कचरागाडीवर राबला. आपल्याकडे असे पोर परत आले तर चावडीवर काय काय बोलतील, ते सांगायला नको. पुढे तो इंडियाना स्टेट या कमी नावाजलेल्या विद्यापीठात गेला. १९७८-७९ च्या हंगामात त्या संघाने ओळीने ३३ सामने जिंकले. अंतिम सामना मात्र मिशिगन स्टेटने ७५-६४ असा मारला. त्यांच्या मॅजिक जॉन्सनचे २४ गुण, बर्डचे १९. सामना संपल्यावर बर्ड टॉवेलात तोंड खुपसून बसला होता.

तेव्हाची तरुण मंडळी आता म्हातारी झाली, पण जीव अडकला आहे तो याच हरलेल्या संघात. २०१३ साली टेरे होट शहरात, विद्यापीठाच्या क्रीडागृहाबाहेर, बर्डचा पुतळा उभा राहिला.