खुंटीवरची पिशवी

आमच्या दाराआड एक खुंटी आहे आणि त्या खुंटीवर एक कापडी पिशवी. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा आईने माझ्या जुन्या पँटची ती शिवली. मजबूत अशी, की दहा किलो बटाटे खुशाल भरावेत. इतक्या वर्षांत तिला एकही टाका घालावा लागला नाही. लागणार कसा? खुंटीवरून उतरली तर ना! या सदराच्या वाचकांना माझा विसराळूपणा काही नवीन नाही.

तसा या विषयात मी अडाणी नाही. दर वर्षी पाच जूनला कॉलेजात पर्यावरणावर चार शब्द बोलण्याचे काम मराठीच्या प्राध्यापकाकडे, म्हणजे माझ्याकडे येते. तुकोबांच्या झाडांवरच्या अभंगापासून सुरुवात करून मी आकड्यांवर येतो. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवते आणि रिती होते तेव्हा गावे बुडवते. मध्य भारतात सर्वदूर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. गटारांत अडकलेल्या पिशव्यांनी त्यात भर घातली. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले. मुले टाळ्या वाजवितात. मी खूष होऊन घरी निघतो आणि वाटेत भाजी घेतो. पिशवी अर्थातच खुंटीवर असते.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना हे पाठ झाले होते. मी दिसलो की त्या गोणपाटाखाली हात घालीत आणि एक पातळ पिशवी काढीत.

"तुमच्यासारख्यांसाठी ठेवावी लागते, मास्तर. नाही दिली तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं."

मी हसून पैसे देई.

गेल्या श्रावणात माझी अर्धा किलो भेंडी त्या पिशवीत पडत असतानाच दोन सरकारी माणसे येऊन उभी राहिली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड! टोपल्यांतला सगळा माल विकला असता तरी तेवढे पैसे झाले नसते. मावशींनी हात जोडले, शेजारच्या गाडीवाल्याकडे उसने मागितले. पावती त्यांच्या नावाने फाटली. मी मात्र भेंडी हातात घेऊन उभा होतो. मला कोणी काही विचारले नाही. इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाला सहसा कोणी विचारीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी निम्मे पैसे नेऊन दिले. मावशींनी ते मोजून घेतले आणि म्हणाल्या, "आता पिशवी आणत चला, मास्तर."

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. लोकांना हवामानाचे काही पडलेले नाही, असे आपण सहज म्हणतो. मला वाटते, पावती दुसऱ्याच्या नावाने फाटते, म्हणून आपल्याला ही बेफिकिरी परवडते. पंख्यावर भागत असताना मी एसी लावतो. आपल्याकडची बहुतेक वीज कोळशाची. त्याचा धूर माझ्या खोलीत येत नाही. भर उन्हात डोक्यावरून विटा वाहणाऱ्या मजुराचे अंग मात्र त्या वाढत्या उष्म्याने भाजते.

माझी एक पिशवी वाचल्याने आभाळ थंड होणार नाही, हे मलाही कळते. कोळशाचे आणि तेलाचे हिशेब मोठे आहेत; ते सरकारांनी आणि कारखानदारांनी द्यायचे आहेत. पण ज्याचा हात दाराआडच्या खुंटीपर्यंत जात नाही, त्याने तो हिशेब कोणत्या तोंडाने मागावा?

हल्ली पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवलेली असते. परवा दिवाळीच्या खरेदीत तिचा एक बंद उसवला. बोलणी खायच्या तयारीने तो आईला दाखविला, तर तिचा चेहरा एकदम उजळला.

"वापरतोस म्हणायचा!" असे म्हणून ती सुईदोरा घेऊन बसली.