बाळंतपण कोणाच्या खुशीने?

निलंगा तालुक्यात मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून टिकून आहे. सातव्या महिन्यात ओटभरण होते. मुलगी लातूरहून, पुण्याहून, हैदराबादेहून किंवा सरहद्दीपलीकडील भालकी-बसवकल्याणच्या सासरहून माहेरी येते. आणि मग घरात प्रश्न निघतो, दवाखाना कोणता? त्याचे उत्तर वडील देतात, भाऊ देतो, जावई फोनवरून देतात, मागल्या वर्षी जिच्या सुनेचे बाळंतपण झाले ती शेजारीणही देते. जिला बाळंत व्हायचे आहे तिला काय हवे, हे मात्र कोणी विचारीत नाही. फार तर ती आईच्या कानात सांगते, डॉक्टर बाई असावी. त्यापलीकडेही काही मागता येते, याची तिला कल्पना नसते. असली तरी ते बोलण्याची जागा नसते.

या रीतीत मायेचा भाग मोठा आहे, पण तिच्यात एक खोटही आहे. ज्या डॉक्टरने सहा महिने तपासले तो सासरच्या गावी मागे राहतो आणि अखेरच्या दोन-अडीच महिन्यांसाठी नवा डॉक्टर शोधावा लागतो. एवढ्या मुदतीत ओळख व्हायची कशी? मग ओळखीपाळखीवर, दवाखान्याच्या इमारतीवर किंवा रात्री गाडी ज्या फाटकाशी थांबेल त्यावर निर्णय होतो. बैल घेताना चार ठिकाणी चौकशी करणारा शेतकरी लेकीच्या बाळंतपणाचा डॉक्टर निवडताना एकही प्रश्न विचारीत नाही, आणि यात त्याला काही वावगे वाटत नाही.

हा सुखवस्तू घरांतील चोचला आहे, असे काही कार्यकर्त्यांना वाटण्याचा संभव आहे. वेळेवर रक्त आणि भूलतज्ज्ञ मिळण्याची जिथे भ्रांत, तिथे गरोदर बाईच्या पसंती-नापसंतीची चर्चा कशाला, असा त्यांचा सवाल असेल. तो अगदीच निराधार नाही. परंतु परिस्थिती बदलली आहे, हे त्यात लक्षात घेतलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. बाई दवाखान्यापर्यंत पोचावी यासाठी जी मोहीम दोन दशके चालली ती बव्हंशी सफल झाली, त्यात आशाताईंचा वाटा मोठा, आणि मातांचे मृत्यूही त्यामुळे घटले. आता विचार करायचा तो दाराच्या आत काय घडते याचा. शिवाय, मजुरीबरोबर मानही मागितला पाहिजे हे ज्या चळवळीने खेड्यापाड्यांत शिकविले, तिने प्रसूतिगृहाच्या दाराशी मान विसरून जावे, हे तर्काला धरून नाही.

महाराष्ट्रात या मागणीची परंपराही आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्याची जाहिरात लावली होती. विधवेने तिथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल बरोबर न्यावे की तिथेच ठेवावे हे तिच्या खुशीवर राहील, असा तिचा आशय होता. समाजाने जिला सर्वांत हीन ठरविले होते तिच्या खुशीला भिंतीवर जागा मिळाली, ही त्या जाहिरातीतील असामान्य गोष्ट. पुढे तेवीस वर्षांनी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. कोवळ्या वयात झालेले मूल दहा दिवसांत गमावल्याचे दुःख त्यांच्या शिक्षणामागे होते आणि त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तोही प्रसूतिशास्त्राचा. निलंग्याची मुलगी आज आईच्या कानात जे सांगते, ते आनंदीबाईंनी १८८३ मध्येच श्रीरामपूरच्या (बंगालमधील) जाहीर सभेत सांगितले होते : या देशातील बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात.

बाईच्या अपेक्षा तरी कोणत्या असतात? कळा सुरू झाल्यावर हिंडू-फिरू द्यावे. आई किंवा बहीण जवळ असू द्यावी. पाण्याचा घोट घेऊ द्यावा. उताणे निजण्याची सक्ती नसावी. कळा वाढविण्याचे इंजेक्शन देण्यापूर्वी ते कशासाठी हे सांगावे. खाली छेद द्यायचा तो गरज असेल तरच. मूल होताच ते पुसून आईच्या छातीशी द्यावे. आणि कोणी अंगावर खेकसू नये. यांतील एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीच्या वेळच्या काळजीविषयी ज्या शिफारशी केल्या त्यांत यांतील बहुतेक गोष्टी आहेत. सरसकट छेद देण्याच्या प्रथेला तर संघटनेचा स्पष्ट विरोध आहे. भारत सरकारने २०१६ मध्येच सरकारी प्रसूतिगृहात एका नातेवाईक स्त्रीला सोबत राहू देण्याचा निर्णय घेतला. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी 'बाहेर थांबा' हाच हुकूम चालतो. प्रसूतिगृहात पडदे नाहीत, दुसऱ्या बायकांची अडचण होते, असे कारण दिले जाते. पडद्यांच्या कापडाला किती खर्च येतो हे कोणी विचारलेले ऐकिवात नाही.

सर्वांत मोठा वाद अर्थातच सिझेरियनचा. ही शस्त्रक्रिया जीव वाचविते. मूल आडवे असताना, वार खाली असताना किंवा मुलाचे ठोके मंदावत असताना ती नाकारणे म्हणजे मृत्यूला वाट करून देणे होय. जुनी सुईण बरी आणि डॉक्टर वाईट, असा भाबडा सूर म्हणूनच कोणी लावू नये. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या घराघरांत एखादी चुलती किंवा आत्या बाळंतपणात गेल्याची आठवण आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट केले की, एखाद्या लोकसंख्येत सिझेरियनचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेले म्हणून माता व बालमृत्यू आणखी घटत नाहीत. वर उल्लेखिलेल्या पाहणीत देशातील सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४ टक्के आढळले. अवघड बाळंतपणे खाजगीकडे अधिक जातात, असे म्हणावे तर वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अत्यवस्थ आणि कफल्लक बाई शेवटी सरकारी मोठ्या रुग्णालयातच पाठविली जाते. तेव्हा या तफावतीचे कारण बाईच्या शरीरात शोधून सापडणार नाही.

ते केवळ डॉक्टरच्या लोभात शोधणेही पुरेसे नाही. तालुक्याच्या गावी नवरा-बायको डॉक्टर कर्ज काढून दवाखाना बांधतात. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालतात. तेवढा वेळ तिच्याजवळ बसायला शिकलेली परिचारिका नसते. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो, तो संध्याकाळी येऊ शकतो, पहाटे येईलच याचा भरवसा नाही. वाट पाहिली आणि काही विपरीत घडले तर जमाव काचा फोडतो. शस्त्रक्रिया केली तर कोणी जाब विचारीत नाही, आणि तिचे पैसेही अधिक मिळतात. असा हा बंदोबस्त सचोटीच्या माणसालाही सुरीकडे ढकलतो. स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ असलेले डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अनेक डॉक्टरांशी बोलून वैद्यकीय धंद्यातील गैरप्रकार उजेडात आणले, तेव्हा त्या डॉक्टरांच्या बोलण्यातून हीच घुसमट बाहेर पडली होती. मुहूर्त पाहून शस्त्रक्रियेची वेळ मागणारी आणि कळांच्या भयाने आपणहून सिझेरियनचा आग्रह धरणारी घरेही आहेत, हे विसरता येत नाही. मात्र ते भय कोठून येते? ज्या प्रसूतिगृहात बाईला एकटे टाकून ओरडले जाते त्याच्या कहाण्या गावात पोचतात, तिथून.

अशा स्थितीत मुलीने आणि तिच्या आईने डॉक्टर निवडावा कसा? ओटभरणानंतर लगेच, कळांच्या आधी दोन महिने, दवाखान्यात जाऊन विचारावे. गेल्या शंभर बाळंतपणांत किती सिझेरियन झाली? रात्री दवाखान्यात कोण असते? सोबत बाई राहू शकेल काय? छेद सर्वांनाच देता की लागेल तेव्हाच? कोणत्या कारणासाठी लातूरला पाठविता, आणि तेव्हा गाडीची सोय कोण करते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकटे घेतले तर ते फसवे ठरू शकते. गुंतागुंतीच्या बाया जिथे येतात तिथे आकडा वाढणारच. उलट, जरा अडचण दिसताच प्रत्येकीला पन्नासएक किलोमीटरवरील लातूरला धाडणाऱ्याचा आकडा निर्मळ दिसेल. म्हणून उत्तराइतकेच उत्तर देण्याच्या रीतीकडे पाहावे. जो डॉक्टर या प्रश्नांनी चिडतो, 'तुम्हाला यातले काय कळते' म्हणतो, तो ऐन कळांच्या वेळी बाईचे ऐकेल, हे संभवत नाही. जो खुर्ची देऊन समजावतो आणि 'एवढे मी कबूल करतो, एवढे करता येणार नाही' असे आधीच बजावतो, त्याच्या नकारावरही विश्वास टाकता येतो.

संमतीचा कागद हा यातील दुर्लक्षित भाग. ऐन वेळी नवऱ्याची किंवा वडिलांची सही घेतली जाते आणि शुद्धीवर असलेल्या बाईला त्याची वार्ताही नसते. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निकाल दिला, तो या दृष्टीने प्रत्येक महिला कार्यकर्तीने माहीत करून घ्यावा असा आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचे गर्भाशय, बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन, काढण्यात आले होते. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येणार आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, अशा वेळी दुसऱ्या कोणाची संमती तिची संमती ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मराठवाड्याला याचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासकीय समितीमार्फत सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांच्याकडेही सहीचे कागद असतील.

तथापि निवडीचा उपदेश करून थांबणे ही फसवणूक ठरेल. निवड करायची तर दुसरा पर्याय लागतो. तालुक्याच्या गावी खाजगी दवाखान्याला खरा पर्याय एकच, सरकारी उपजिल्हा रुग्णालय. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार तिथे बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण आणि वाहन हे सर्व मोफत आहे. ज्या सरकारी रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ नाही आणि म्हणून 'पुढे न्या' असे सांगितले जाते, तेथील मोफत सेवा कागदावरच राहते. गाडी पुढे निघते आणि जवळच्या खाजगी फाटकाशी थांबते. एक भूलतज्ज्ञाचे पद रिकामे राहिले की तालुक्यातील शेकडो बायांची निवड त्या रिकाम्या खुर्चीने केलेली असते. भूलतज्ज्ञाबरोबरच बाळंतपणासाठी खास शिकलेल्या परिचारिका हव्यात. याचे उदाहरण फार लांबचे नाही. निलंगा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच्या राजधानीत डॉ. एव्हिटा फर्नांडिस यांच्या रुग्णालयाने अशा प्रसूतिसेविका तयार केल्या, आणि तेलंगणा सरकारने २०१७ पासून त्याच मदतीने सरकारी परिचारिकांना शिक्षण देण्यास आरंभ केला. त्याच तेलंगणात सिझेरियनचे प्रमाण २०१९-२१ मध्ये ६०.७ टक्के होते, हेही सांगितले पाहिजे. रोग जिथे बळावला तिथे औषधाचा शोध लागला. केंद्र सरकारनेही २०१८ मध्ये अशा सेविकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील किती आल्या, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या आणि विधानसभेच्या सभासदांना विचारण्याजोगा आहे.

दुसरे काम माहितीचे. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी सिझेरियनचे आकडे जाहीर करण्याची मागणी करणारा अर्ज लोकांपुढे ठेवला आणि त्यावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. २०१७ मध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतील रुग्णालयांना असे आकडे लावण्यास सांगितले. त्याचा लाभ निलंग्याच्या शेतमजूर बाईला काय होणार? महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. त्यानुसार रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरांची पाटी लावणे बंधनकारक झाले, पण सिझेरियनचा आकडा तीत नाही. कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या गावातील किती दवाखान्यांत ही पाटी आहे, आणि ती मराठीत, वाचता येईल अशा जागी आहे काय, हे मोजून यावे. एक दिवसाचे काम आहे.

आकडा मिळविण्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. प्रत्येक जन्माची नोंद करताना दवाखान्याला जो अहवाल भरून द्यावा लागतो, त्यात प्रसूतीची पद्धत विचारलेली असते : नैसर्गिक, सिझेरियन, की चिमटा वा व्हॅक्यूम लावून. जन्माचे ठिकाणही त्यातच असते. म्हणजे गावातील कोणत्या दवाखान्यात वर्षभरात किती बाया कशा बाळंत झाल्या, हे शासनाला ठाऊक आहे. बायांची नावे गाळून दवाखानानिहाय नुसती बेरीज मागितली तर कोणाचे गुपित फुटत नाही. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्जाला दहा रुपये लागतात. निलंग्याच्या नगरपरिषदेत असा अर्ज टाकावा, आणि मिळालेली बेरीज आशाताईंच्या बैठकीत, ज्यांच्या लेकी या उन्हाळ्यात माहेरी यायच्या आहेत त्या आयांसमोर, वाचून दाखवावी.