शहाळ्याचा आग्रह

कोकणात पाहुण्याला काही प्यायला दिल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही. लांज्यात वैशाखाच्या उन्हातून कोणी घरी आले, की आधी गूळपाणी येते, मागोमाग कोकम सरबत नाहीतर पन्हे; आणि पाहुणा आजारी असला तर शहाळे. शहाळ्याने कुणाचे वाईट होईल, हे आपल्याला पटतच नाही. मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र हा आग्रह जिवावर बेतू शकतो.

गोंधळाचे मूळ साधे आहे. मूतखडा झालेल्याला डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात. आपण दोन्ही दुखण्यांना ‘किडनीचा त्रास’ म्हणतो आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला देऊन मोकळे होतो. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. थकलेल्या मूत्रपिंडाला ते जमत नाही. रक्तात साठलेल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतात. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते! नारळाच्या दुधाची सोलकढी, फळांचे रस, गूळ यांतही ते आहेच. कमरखाचा रस तर अशा रुग्णाने चाखूही नये. त्यातील विषारी द्रव्य मेंदूवर परिणाम करते, उचक्या लागतात, झटकेही येतात.

मग प्यायचे काय? कोकमाच्या आगळात मीठ असते. त्याने तहान आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. अमृतकोकमात साखर, आणि हा विकार अनेकांना मधुमेहातूनच जडलेला असतो. काळ्या कोलापेयांत फॉस्फरिक आम्ल असते आणि साठलेले फॉस्फरस हाडे पोखरते. ताकही मोजूनच घ्यावे लागते. साधे पाणी उत्तम, पण किती, हे प्रत्येकाचे वेगळे. विकाराच्या सुरुवातीला बहुधा पाणी तोडावे लागत नाही. डायलिसिसवरच्या रुग्णाला मात्र साधारणपणे दिवसभराच्या लघवीइतके आणि वर अर्धा लिटर एवढीच मुभा असते. त्यात चहा, आमटी, पेज, बर्फ सारे आले. म्हणून सकाळीच दिवसाचे पाणी एका बाटलीत मोजून ठेवावे, पेला लहान घ्यावा, तोंड कोरडे पडले तर चूळ भरावी. आपल्याला काय चालेल, हे ताजा रक्ताचा अहवाल दाखवून डॉक्टरांनाच विचारावे.

परंतु हा संयम एकट्या रुग्णावर सोपवून भागणार नाही. लग्नघरी, गणपतीत, शिमग्यात दहा घरी जाऊन दहा वेळा ‘नको’ म्हणणे फार जड जाते. मग माणूस संकोचाने पेला तोंडाला लावतो किंवा कुणाकडे जाणेच सोडतो. दोन्हींत नुकसान त्याचेच. ‘एवढ्याने काय होतंय’ हे वाक्य आपण यजमानांनी विसरावे आणि ‘तुम्हाला काय चालेल?’ एवढे विचारावे. तो म्हणाला घोटभर पाणी, तर घोटभर पाणीच द्यावे. त्याने आपल्या पाहुणचारात काही उणे येत नाही.