‘आशिया’ नामक लघुग्रह व एका विद्यार्थ्याचा प्रश्न

कांहीं वर्षांपूर्वीं एका वर्गांत आम्ही सूर्यमाला शिकवीत होतों. मंगळ व गुरु यांच्या कक्षांमध्यें असंख्य लघुग्रह आहेत, हें वाक्य आम्हीं फळ्यावर लिहिलें; मुलांनीं तें वहींत उतरून घेतलें. इतक्यांत मागील बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "सर, आकाशांत इतके ठिपके असतां हा तारा नव्हे, ग्रह आहे, हें कोणीं व कसें ओळखलें?" आम्हीं म्हटलें, "तें परीक्षेंत विचारीत नाहींत, खालीं बैस." मुलगा बसला. त्यानंतर त्यानें पुन्हां कधीं प्रश्न विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

जें उत्तर त्या दिवशीं द्यावयास हवें होतें, तें आज देतों. व त्याच्या अनुषंगानें पालकांपुढें एक मतही मांडतों.

17 एप्रिल 1861 रोजीं मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, वेधशाळेंतून नॉर्मन पॉगसन यांनीं एक लघुग्रह शोधून काढला. शोधलेल्या लघुग्रहांच्या यादींत त्याचा क्रमांक 67 लागला. आशिया खंडांतून शोधलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्यास ‘आशिया’ हें नांव मिळालें. पॉगसन त्याच वर्षीं मद्रासेस आले होते. इंग्लंडांत असतां त्यांनीं यापूर्वीं तीन लघुग्रह शोधले होते.

हें कार्य कसें होत असे? त्या काळीं लघुग्रहांच्या शोधास छायाचित्रणाचें साहाय्य नव्हतें. आकाशाच्या एका लहानशा भागाचा नकाशा पुढें ठेवावयाचा, व दुर्बिणींतून दिसणारा एकेक तारा त्याशीं ताडून पाहावयाचा. नकाशांत नसलेला ठिपका आढळला, तर त्याचें स्थान टिपून ठेवावयाचें. दुसऱ्या रात्रीं तो तेथेंच असला तर तारा. शेजारच्या ताऱ्यांच्या मानानें सरकला असला तर ग्रह. बाळा, तुझ्या प्रश्नाचें उत्तर इतकेंच आहे: जो जागा सोडतो, तो ग्रह. परंतु हें समजण्यासाठीं एकच ठिकाण पुनःपुन्हां पाहावें लागतें.

या लघुग्रहाचा व्यास सुमारें 58 किलोमीटर आहे. मुंबईहून आगगाडीनें कल्याणास जाण्यास जितका मार्ग, त्याहून थोडाच अधिक. नुसत्या डोळ्यांस तो दिसत नाहीं. सूर्याभोंवतीं एक फेरी करण्यास त्यास पावणेचार वर्षें लागतात, व स्वतःभोंवतीं फिरण्यास सुमारें 16 तास. हे तास त्याच्या प्रकाशांतील नियमित चढउतारावरून कळतात. विशेष हें कीं, तो प्रकाश ज्या मापानें मोजतात, तें प्रतीचें माप 1856 मध्यें पॉगसन यांनींच निश्चित करून दिलें: पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून शंभरपट तेजस्वी. लघुग्रहाच्या प्रकाशाच्या पृथक्करणावरून त्याचा पृष्ठभाग खडकाळ असल्याचें अनुमान निघतें.

येथें आणखी एक नांव मुलांनीं लक्षांत ठेवावें. त्याच वेधशाळेंत चिंतामणी रघुनाथाचारी हे साहाय्यक होते. 1867 मध्यें त्यांनीं एका ताऱ्याचें तेज कमीजास्त होतें, हें शोधून काढलें; आणि 1874 च्या शुक्राच्या अधिक्रमणापूर्वीं तो चमत्कार सामान्य जनांस कळावा म्हणून पुस्तिका लिहिली. जें पाहिलें तें आपल्या लोकांस समजावून सांगणें, हेंही ज्योतिर्विदाचें काम आहे, असें त्यांच्या वर्तनावरून दिसतें.

आतां पालक विचारतील, "या सर्वांचा मुलास उपयोग काय? यानें गुण वाढतील काय?" ही चिंता आम्हांस परकी नाहीं. फी भरण्यासाठीं पोटास चिमटा घेणारी कुटुंबें आम्हीं जवळून पाहिलीं आहेत. निकालावर त्यांचें किती अवलंबून असतें, हें आम्ही जाणतों. तथापि आमचें मत असें कीं, उतरून घेतलेलें वाक्य चुकीचें असलें तरी तें तसेंच पाठ होतें. हे लघुग्रह म्हणजे एका फुटलेल्या ग्रहाचे तुकडे होत, असें आम्हीं स्वतः लहानपणीं पाठ केलें, व पुढें तसेंच शिकविलें. वस्तुतः त्या पट्ट्यांतील सर्व द्रव्य एकत्र केलें तरी तें आपल्या चंद्राच्या शतांश चारही भरणार नाहीं. गुरूच्या आकर्षणामुळें तेथें ग्रह घडूंच शकला नाहीं, असें आतां मानतात. आमच्या वर्गांत "हें कसें कळलें?" असें विचारण्याची मोकळीक असती, तर ही चूक इतकीं वर्षें टिकली नसती.

म्हणून आमची सूचना अगदीं अल्पखर्चाची आहे. गुरु रात्रीं दिसत असेल तेव्हां मुलांनीं आठवड्यांतून एकदां अंगणांतून त्याचें स्थान शेजारच्या ताऱ्यांसह कागदावर मांडावें, व तारीख घालावी. दोन महिन्यांत तो सरकलेला त्यांस स्वतःच्या हस्ताक्षरांत दिसेल. पालकांनीं त्या वेळीं "अभ्यास सोडून बाहेर काय करतोस?" असें न म्हणतां क्षणभर शेजारीं उभें राहावें.

तो मुलगा शाळा सोडून गेला. हें वार्षिक त्याच्या हातीं पडेल कीं नाहीं, कोण जाणे! पण मागच्या बांकावर आज दुसरा कोणी बसलेला आहे. तो उभा राहिला, तर त्यास खालीं बसविण्याची घाई आम्ही करणार नाहीं.